चुकांचा फळा

रविवारी सकाळी फोटो स्टुडिओचं शटर अर्धंच वर जायचं. गिऱ्हाइकाने समजावं की आज दुकान बंद, आणि शिकायला येणाऱ्याने वाकून आत यावं. यामागे वर्ग घेणाऱ्या बाईंचा फार मोठा हेतू होता असं नाही. शटर जुनं होतं आणि पूर्ण वर गेलं की खाली यायला रडायचं, एवढंच. पण वर्गातले दातांचे डॉक्टर म्हणायचे की बाईंकडे प्रत्येकाला आधी मान वाकवावी लागते, मगच कॅमेरा उचलता येतो. ते काही खोटं नव्हतं.

वर्ग हौशी लोकांचा. हे डॉक्टर, पोस्टातून निवृत्त झालेले एक मास्तर, एक बेकरीवाला, कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी आणि अधूनमधून येणारी-जाणारी आणखी दोनचार डोकी. गळ्यात असे भलेमोठे कॅमेरे अडकवून यायचे की माणसाने कॅमेरा आणलाय की कॅमेऱ्याने माणूस, असा प्रश्न पडावा. फोटो बिघडला की पहिला दोष कॅमेऱ्याला, दुसरा उजेडाला. स्वतःला दोष द्यायची वेळ यायच्या आत चहा यायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं," असं म्हणत बाई समोरच्याचा कोपर धरायच्या आणि त्याच्याच बरगडीला नेऊन टेकवायच्या.

कोपर अंगाला. डावा तळहात लेन्सच्या खाली, भरलेली वाटी धरावी तसा. पाय जरा फाकलेले. अर्धा श्वास सोडायचा, तिथेच थांबायचं आणि बटण दाबायचं नाही, टेकवलेलं बोट हळूहळू जड करत न्यायचं. चेहरा असेल तर जवळच्या डोळ्यावर नेम. खिडकी माणसाच्या पाठीशी नको, बाजूला हवी. फोटो घेण्याआधी चौकटीचे चारही कोपरे नजरेने फिरून यायचे, कारण काकूंच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब घरी गेल्यावरच दिसतो. आणि जवळ जायचं, वाटतं त्याहून जवळ, भीड बाजूला ठेवून. हे सगळं बाई इतक्या वेळा सांगत की मास्तर झोपेतही बरगडीला कोपर लावतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

पण बाईंचा खरा नियम शेवटी यायचा. घरी जाण्याआधी सगळ्यांनी बाकावर बसायचं, त्या दिवशीचे फोटो एकेक करून बघायचे आणि हललेला प्रत्येक फोटो तिथल्या तिथे पुसायचा. नंतर बघू, घरी जाऊन ठरवू, हे चालायचं नाही. आज दया दाखवलीत तर उद्या तीच सवय लागेल, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे वर्गाने त्यांचं नाव खोडरबरबाई ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि वरवर कपाळाला आठ्या घातल्या तरी आतून त्या खूश झाल्या होत्या.

हे खूळ त्यांना सासऱ्यांकडून मिळालं होतं. स्टुडिओ सासऱ्यांचा. मुलाला कॅमेऱ्यात काडीचाही रस नव्हता, तो वीजमंडळात नोकरीला लागला, मग सासऱ्यांनी सुनेच्या हातात आधी ओले फोटो वाळवायचं काम दिलं आणि नंतर कॅमेरा. पहिल्यांदा एकटीने कुणाच्या तरी साखरपुड्याला गेली, तर घाबरून अख्खी रीळ हलवून आली. सासरे चिडले नाहीत. त्यांनी कात्री घेतली आणि ती रीळ तिच्यासमोर कापून टाकली. हललेला फोटो देणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडावर थुंकणं, एवढंच म्हणाले आणि हात धुऊन जेवायला बसले. त्या दिवसापासून बाईंना आयुष्यात कशाचा तिटकारा असेल तर तो हललेल्या फोटोचा.

म्हणून तर समोरच्या भिंतीवर तो फळा होता. चुकांचा फळा. त्यावर बिघडलेले फोटो टाचलेले, जिथे चूक तिथे लाल स्केचपेनने गोल काढलेला आणि खाली एक शब्द लिहिलेला. बहुतेक फोटो बाईंचे स्वतःचेच होते, या बाबतीत त्या प्रामाणिक होत्या. फ्लॅशने पांढरंफटक झालेलं कपाळ होतं, घोट्यापासून कापलेले पाय होते, डोक्यातला खांब होता. आणि मधोमध होते भूतकाका.

भूतकाकांवर वर्गाचा जीव होता. एका हॉलमधला फोटो. टेबलं, खुर्च्या, छताचे दिवे, सगळं काचेसारखं स्वच्छ. मधून एक माणूस हातात पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन चाललाय आणि तो एकटाच ओल्या रंगावरून हात फिरवल्यासारखा पसरलाय. चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली लिहिलेलं, 'हललेला'. बाई पट्टीने दाखवायच्या: हात हलला तर सगळं हलतं, माणूस हलला तर माणूसच हलतो. इथे माझा हात पक्का आहे, बघा, दिव्याची तारसुद्धा दिसते. पण हॉलमध्ये उजेड कमी, त्यामुळे कॅमेऱ्याची पापणी उघडीच राहिली जास्त वेळ, आणि तेवढ्यात हे महाशय निघाले. अशा वेळी कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता वाढवा, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील, पण पापणी झटकन मिटली पाहिजे. बेकरीवाल्याने पहिल्याच दिवशी त्या फोटोचं बारसं केलं होतं. तेव्हापासून कुणाचा फोटो हलला की "आज भूतकाका आले होते" असं म्हणून सगळे हसायचे. बाईही हसायच्या.

बाईंना एक मोठी बहीण होती, अक्का. आई लवकर गेल्यावर बाईंची वेणी घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं अक्कानेच केलेलं. अक्काचा नवरा, म्हणजे भावोजी, पायाला भिंगरी लावून जन्माला आलेला माणूस. कुणाच्या घरी गेले तरी पाहुणा म्हणून बसणार नाहीत. स्वयंपाकघरात शिरतील, कप विसळतील, सगळ्यांना पाणी देतील आणि प्रत्येकाला देताना काहीतरी चावट बोलतील. थंडी संपता संपता एका सकाळी दाढी करता करता ते न्हाणीघरात कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले. पहिल्यांदाच कुठेतरी स्वस्थ पडलेत, असं अक्का म्हणाली होती आणि मग तिला आवरता आलं नव्हतं.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. बाईंनी भाचीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून भावोजींना वेगळं काढलं, मोठं केलं, चौकटीत बसवून दिलं. लग्नाचे फोटो बाईंनीच काढले होते. घरची फोटोवाली असताना बाहेरचा कोण बोलावणार? फोटो निर्दोष होता. सदऱ्याच्या बटणाचा दोरासुद्धा मोजून घ्यावा. स्टेजवर उभं करताना बाईंनीच दटावलं होतं, "भावोजी, हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका." आणि मेव्हणीचा शब्द खाली पडू नये म्हणून बिचारे उभे राहिले होते, हात सरळ, मान सरळ, डोळे समोर.

महिनाभराने अक्काने बाईंना त्या फोटोसमोर बसवलं.

"चिमे," ती म्हणाली. जगात बाईंना चिमी म्हणणारी ती एकटीच उरली होती. "डोळे मिटले ना, की हाच येतो. हा असा उभा. ते कधी असे उभे राहिले होते का गं? आधी मला त्यांचं हसणं आठवायचं. आता तेही ह्याच्यासारखंच होत चाललंय. अजून थोड्या दिवसांनी मला हाच माणूस आठवेल आणि ते जातील. हसतानाचा एखादा शोध ना. लग्नातलं सगळं असेलच तुझ्याकडे."

"बघते," बाई म्हणाल्या, आणि लगेच चपला घालायला उठल्या.

कारण त्यांना माहीत होतं. लग्नात भावोजी मुलीचे वडील, म्हणजे दसपट भिंगरी. बाईंनी त्यांना दहादा टिपलं होतं. ट्रे घेऊन, कुणाच्या पाठीवर थाप मारताना, व्याह्यांच्या कानात काही सांगून स्वतःच आधी हसताना. एकूण एक फोटो हललेला. सगळे जेवायला बसले तेव्हा बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि नियमाप्रमाणे त्यांनी सगळं साफ केलं होतं. भावोजींचा चेहरा पडद्यावर यायचा, बोट दाबलं जायचं, दुसरा यायचा. मनाला काही लागलंही नव्हतं. जिवंत माणूस समोर पाणी वाटत फिरतोय, त्याच्या फोटोची कोण पत्रास ठेवणार?

तरी त्यांनी शोधलं. कपाट उपसलं, जुना संगणक सुरू केला, भाचीला विचारून पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो मागवले. त्यात नवरा-नवरी होते आणि जेवणाची ताटं होती. संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे लग्नात वापरलेलं कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन गेल्या, तर तो म्हणाला, पुसलेलं कधीकधी परत निघतं, पण तुम्ही ह्यावर नंतर शंभर कार्यक्रम लिहिलेत, आता खालचं काय निघणार? बाई तिथून निघाल्या आणि वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. खरं सांगायचं म्हणजे अक्काला सांगायचं की तुझा नवरा माझ्याकडे होता आणि मी तो पुसला. ज्या अक्काने आपल्याला आईची उणीव भासू दिली नाही, तिला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? संध्याकाळी त्यांनी फोन केला.

"अक्का, नाही गं सापडला. भावोजी कॅमेऱ्यात आलेच नाहीत नीट. एका जागी थांबले तर ना."

पलीकडून अक्का म्हणाली, "खरंय. ते तसेच."

खोटं बोलून माणूस सुटतो असं म्हणतात, पण बाईंचं उलटंच झालं. त्यानंतर जेव्हा भेट व्हायची तेव्हा अक्का त्या चौकटीकडे बघून भावोजींना बोलायची. जन्मभर गावाला पाणी पाजत हिंडला हा माणूस, बायकोसाठी एक घटका उभं राहून फोटो काढून घेतला नाही. माझी कधी पर्वाच नव्हती. आधी हे दुःखाने यायचं, मग रागाने यायला लागलं, आणि पुढे पुढे अक्काने त्या फोटोवरची धूळ पुसणंही सोडलं. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती मांडू शकणारी एकच बाई तिथे चहाचा कप धरून खाली मान घालून बसलेली असायची.

हे सगळं वर्गावर निघालं. बाई पूर्वी कडक होत्या, आता तुसड्या झाल्या. बेकरीवाल्याने एका रविवारी आपल्या आईचा फोटो आणला होता, पहाटे भट्टीच्या उजेडात काढलेला, म्हातारी पाव बाहेर ओढतेय आणि हात पार विरघळलेत. तो म्हणाला, बाई, हा एक राहू द्या. बाईंनी तो फोटो दोनदा पुढेमागे करून बघितला. पण जित्याची खोड ती. त्या म्हणाल्या, पुसा. त्याने पुसला. आणि तो चहाही न घेता वाकून निघून गेला.

मग वर्गात एक नवीन विद्यार्थिनी आल्या. दवाखान्यात नर्स होत्या, रात्रपाळी करून थेट आलेल्या, डोळे तांबारलेले. फळ्याजवळ थांबून त्यांनी एकेक चूक नीट वाचली आणि भूतकाकांपाशी येऊन विचारलं, "हे कोण?"

"भूतकाका," वर्ग एका सुरात म्हणाला आणि हसला.

"तसं नाही, खरंच कोण? पाणी देता देता काहीतरी गंमत सांगताहेत. किती छान हसताहेत."

बाईंच्या हातात पट्टी होती. ती फोटोवर टेकवून त्या सवयीने पापणी आणि उजेड सांगायला लागणार होत्या. वर्षभर बाई त्या लाल गोलाकडे बघत होत्या, गोलाच्या आत मात्र आज पहिल्यांदाच बघितलं. पसरलेल्या गालाखाली पुढचा तिरका दात होता. ट्रेखालच्या मनगटावर घड्याळ होतं, आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला होती. असं उलटं घड्याळ बांधणारा माणूस त्यांनी जन्मात एकच पाहिला होता. हॉलमध्ये पुसताना शिकवायला नमुना हवा म्हणून त्यांनी यातला एक तेवढा मागे ठेवला होता, नंतर छापला होता, छापल्यावर मूळही पुसलं होतं. मग त्याला नाव पडलं आणि माणूस त्या नावाखाली गडप झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी दुसऱ्यांना हजारदा ऐकवली होती.

"आमचे भावोजी," बाई म्हणाल्या. आणि मग, "आज एवढंच. घरी जा सगळे." कुणालाही काही पुसायला न सांगता सुटलेला तो पहिलाच वर्ग.

सगळे गेल्यावर त्यांनी टाचण्या काढल्या. फोटो टेबलावर ठेवला, स्पिरिटमध्ये कापूस बुडवला. लाल गोल निघाला, तो शब्द निघाला, तर अक्काला सांगता येईल की जुन्या पाकिटात अचानक सापडला. कोपऱ्यात जरासं घासून पाहिलं. लाल शाई निघाली, पण तिच्याबरोबर खालच्या खुर्चीचा रंगही कापसावर आला. गोल तर चेहऱ्याला चिकटून होता. बाई कापूस हातात धरून बसून राहिल्या. पुसायची त्यांना एवढी सवय, आणि आज हात धजेना. शेवटी कापूस टोपलीत टाकला, फोटो तसाच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि त्या निघाल्या.

अक्का डाळ निवडत होती. बाईंनी कागद उलगडून फोटो तिच्यासमोर ठेवला आणि आपण भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अक्काने चष्मा चढवला. बराच वेळ तिचा चेहरा हललाच नाही. मग तोंडावर पदर दाबून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"हेच," ती म्हणाली. "हेच गं ते. बघ, चाललेत."

तिचं बोट तिरक्या दातावरून, घड्याळावरून फिरलं आणि मग लाल रेघेवरून. गोलाची एक फेरी पुरी करून ते खालच्या शब्दावर थांबलं. चार कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं होती, तीही तिने बघितली.

"हे काय आहे?"

"वर्गात लावला होता. चूक दाखवायला."

"कुणाची?"

अक्काने चष्मा काढला.

"असे आणखी होते?"

"होते."

"चिमे, कुठे आहेत?"

"पुसले. तिथेच, हॉलमध्ये. तुम्ही जेवत होतात तेव्हा. हललेले होते म्हणून." बाई भिंतीपासून पुढे आल्या. "मी तुला खोटं सांगितलं, अक्का. ते आले होते कॅमेऱ्यात. सारखे आले होते."

अक्का ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डाळीचं ताट बाजूला सारलं आणि भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. "आणि मी इतके दिवस त्यांना बोलत होते," ती म्हणाली, बाईंना नव्हे, कुणालाच नव्हे. मग ती उठली, स्टुलावर चढली, ती चौकट खिळ्यावरून काढली आणि पदराने धूळ पुसून बाईंच्या हातात दिली.

"हा घेऊन जा. तुझ्या फळ्यावर लाव. त्यात काय चुकलंय ते शिकव लोकांना." आणि ती परत डाळीच्या ताटापाशी जाऊन बसली. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. बाई करतात तेव्हा ती कामाचं तेवढं बोलते आणि ठेवते.

पुढच्या रविवारी फळ्याच्या मधोमध, भूतकाकांच्या रिकाम्या जागी, भावोजींचा तो सरळ उभा फोटो होता. गोल काढलेला नव्हता, खाली शब्दही नव्हता. वर्ग गोंधळला. डॉक्टरांनी चष्मा वर करून बघितलं, मास्तरांनी चारही कोपरे तपासले. शेवटी बेकरीवाल्यानेच विचारलं. "बाई, ह्यात कसली चूक? डोळ्यावर नेम आहे, उजेड बाजूचा आहे, काहीही कापलेलं नाही. जरासुद्धा हललेला नाही."

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली.

"मीच ह्यांना हलू नका म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि बेकरीवाल्याकडे वळल्या. "तुमच्या आई पहाटे किती वाजता भट्टी लावतात? उद्या कॅमेरा घेऊन जा. आणि त्यांना थांबायला सांगू नका."